उरलेल्या दुधाचा सरवा



दुधाचा भाव पडला की रस्त्यावर दूध ओतल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. 2018 च्या जुलैत आली, 2020 मध्येही आली. ती पाहून आपल्यापैकी पुष्कळ जण विचारतात, हे दूध धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर का जात नाही? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर ओतणाऱ्या शेतकऱ्याकडे मागू नये.

कच्चे दूध आमच्या उन्हात काही तासांत नासते. रनाळ्याहून निघून नंदुरबार, प्रकाशा, शहादा करीत घाट चढेपर्यंत ते कामाचे राहील याची खात्री नाही. म्हणून उरलेले दूध दूरच्या लेकरापर्यंत न्यायचे तर आधी त्याची भुकटी करावी लागते. 100 लिटर दुधातून साधारण 8 ते 9 किलो भुकटी आणि थोडे लोणी निघते. भुकटी महिनोन्‌महिने टिकते. पण शेतकऱ्याचा भाव, कारखान्याचा खर्च, पाकिटे, वाहतूक हे कोणी द्यायचे? कोणताही दूध संघ हे धर्मादाय म्हणून कायम करणार नाही आणि आपल्या देणग्यांनाही ते पेलणारे नाही. तेथे सरकारच लागते.

आपल्या राज्यात हे घडलेले आहे. 2018 मध्ये भुकटीचे साठे पडून होते, तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांना महिन्याला 200 ग्रॅमचे पाकीट देण्याचे ठरले, तेही तीन महिन्यांपुरते. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीमुळे हॉटेले, मिठाईची दुकाने बंद झाली. तेव्हा राज्य सरकारने ‘महानंद’मार्फत दररोज 10 लाख लिटरपर्यंत दूध लिटरला 25 रुपयांनी घेऊन भुकटी करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातील बालके, गरोदर व स्तनदा माता यांना ही भुकटी वर्षभर मोफत द्यावी. परदेशात ‘फूड बँक’ जे काम करते, ते आपल्याकडे अंगणवाडीने करावे अशीच ही रचना होती. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा फार शहाणपणाचा निर्णय होता.

अडचण एवढीच की तो निर्णय होता, कायदा नव्हे. मुदत संपली की निर्णय संपतो. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील बालकाला दिवसाला 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने यांचा हक्क दिला. पण हिवाळ्यात पुष्टकाळ आला, दूध वाढले, तर त्यातला वाटा या बालकाला मिळावाच असे कोणी कोठे लिहून ठेवलेले नाही. बायबलच्या वाचकांना सरवा आठवेल. शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडणे हे तेथे मालकाच्या मर्जीवर ठेवले नव्हते, तो नियम होता.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने 2010 साली असा कायदा केला. शेतातला आणि गोठ्यातला शिल्लक माल अन्नपेढ्यांकडे पोहोचवायचा आणि शेतकऱ्याचा काढणी-वेष्टणाचा खर्च राज्याने द्यायचा, असा तो कायदा आहे. मात्र त्यासाठी पहिला निधी मिळायला 2015 साल उजाडले. तेव्हा आपल्या आमदारांना निवेदन देताना कायद्याबरोबर अंदाजपत्रकातली तरतूदही मागावी, नाहीतर कागदच हाती येईल.

भुकटी आली म्हणजे काम झाले असेही नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ती देऊच नये, त्याला आईचेच दूध हवे. पाणी उकळलेले हवे. भिल्ल-पावरा घरांतून रोज दूध पिण्याची सवय कमी दिसते, म्हणून थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी. नाहीतर पोट बिघडते आणि आई दुसऱ्या दिवशी पाकीट कोपऱ्यात टाकते. हे अंगणवाडीताईला ठाऊक असते, तिला विचारावे.

एखादी डेअरी आपल्या मंडळीला उरलेली पाकिटे देऊ करीत असेल, तर शिल्लक अन्न वाटपाचे केंद्राचे नियम 1 जुलै 2020 पासून लागू आहेत हे लक्षात असू द्या. वाटप करणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी, हिशेब लिहिलेला हवा आणि मुदत संपलेले पाकीट कोणालाही देता येत नाही. घेण्याआधी पाकिटावरची तारीख पाहावी, आणि माल पाड्यावर पोहोचायला लागणारे दिवस त्यातून वजा करावेत.