जादा दहा गोण्या आणि पिकअपचे टायर

खोडाळ्याहून माल बाहेर काढायचा म्हटले की मुख्य वाटा तीन. एक मोखाडा-जव्हारकडे जाते, दुसरी विहीगाववरून कसाऱ्याला उतरून मुंबई-आग्रा महामार्गाला मिळते आणि तिसरी त्र्यंबक-घोटीच्या बाजूला. तिन्ही वाटांवर चढ-उतार आणि वळणे आहेत, आणि पावसाळ्यात तिन्हींवर खड्डे पडतात. रेल्वे गाठायची तर कसाऱ्यापर्यंत खाली यावे लागते. म्हणून मोखाडा तालुक्याच्या या बाजारगावाचा व्यवहार आज पिकअपवर चालतो. सिमेंट, खत, पत्रे, किराणा वर येतो. भात, नागली, वरई, बांबू, गवत आणि मोगऱ्याच्या पाट्या खाली जातात.

गॅरेज, पंक्चर आणि मालवाहतूक या धंद्यांत आपल्या समाजातील तरुण पूर्वीपासून आहेत. कर्ज काढून एक पिकअप घ्यायची, स्वतःच चालवायची आणि हप्ता फेडत संसार चालवायचा, असा हा धंदा आहे. अशा एका गाडीवर एक घर उभे असते, आणि ती गाडी उभी असते चार टायरांवर. तरीही इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारा मालक टायरकडे पाहतो तो हवा गेल्यावरच. या लेखात आम्ही टायर आणि माल भरणे या दोन गोष्टींचा एकत्र विचार करणार आहोत, कारण व्यवहारात त्या एकच आहेत.

प्रथम वजन. गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन, दुसरे भारासह एकूण वजन. दोहोंतील फरक म्हणजे परवानगीचा भार. पण कायद्याने रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा एकूण वजन ३,००० किलो आणि रिकामे १,७०० किलो आहे. फरक १,३०० किलो झाला. त्यातून चालक, मदतनीस आणि शेजारी बसलेला मालाचा धनी असे तिघांचे मिळून २०० किलो वजा करा. मालासाठी उरले १,१०० किलो, म्हणजे ५० किलोच्या सिमेंटच्या २२ गोण्या. गाडी घेतल्यानंतर हौद्याला लोखंडी जाळी किंवा उंच फळ्या बसवल्या असतील तर तेही वजन याच हिशेबातून जाते. आमची सूचना अशी की कोठेही वजनकाटा दिसला तर एकदा रिकामी गाडी काट्यावर चढवून घ्यावी आणि ती पावती गाडीत ठेवावी.

अंदाजाने भरलेला माल नेहमी अंदाजापेक्षा जड असतो. एक ब्रास रेती म्हणजे १०० घनफूट. कोरडी असली तरी तिचे वजन साधारण साडेचार टन भरते. म्हणून ‘फक्त अर्धा ब्रास’ टाकणारा मनुष्य सव्वादोन टन टाकत असतो, आणि पावसात भिजलेली रेती त्याहून जड. एक वीट तीन किलोच्या आसपास धरली तर ५०० विटांचा दीड टन झाला. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे, तेवढाच काय तो दिलासा.

उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर पाणी पोहोचवावे लागते. ज्या तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण बांधून २०१४ पासून मुंबईला पाणी जाते, त्याच तालुक्यात टँकर फिरतात, हा विषय वेगळ्या लेखाचा आहे. येथे एवढेच सांगतो की हजार लिटरची टाकी भरली की बरोबर एक टन होतो, टाकीचे वजन निराळे. अर्धी भरलेली टाकी तर भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. वळणावर सगळे पाणी एका कडेला धावते आणि गाडीला त्याच बाजूला ओढते. पाणी न्यायचे असेल तर टाकी पूर्ण भरावी किंवा दोन-तीन लहान टाक्या वापराव्यात, आणि त्या चारही बाजूंनी बांधाव्यात.

आता टायरकडे येऊ. रबर वजन पेलते अशी समजूत आहे. खरे तर वजन पेलते ती आतली हवा; रबर आणि त्यातील धाग्यांचे थर त्या हवेला धरून ठेवतात. हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. तार वाकवून-वाकवून तोडताना ती जशी गरम होते तसाच हा प्रकार आहे. टायर आतून तापतो, थर एकमेकांपासून सुटतात आणि एके दिवशी तो फुटतो. लोक म्हणतात ऊन होते म्हणून फुटला. ऊन हे निमित्त असते. टायर मरत आलेला असतो तो कमी हवा, जास्त भार आणि वेग यांमुळे.

टायरच्या बगलेवर त्याची सगळी कुंडली लिहिलेली असते. मापाच्या पुढे भाराचा क्रमांक असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो. मागे १०६ क्रमांकाचे दोन टायर असतील तर ती जोडी जास्तीत जास्त १,९०० किलो पेलेल, तेही हवा पूर्ण असताना, आणि त्यात गाडीच्या मागच्या भागाचे स्वतःचे वजनही आले. म्हणून स्वस्त मिळाला म्हणून मोटारीचा टायर पिकअपला बसवणे हा शुद्ध वेडेपणा होय. माप जुळते, भार जुळत नाही. दुसरी खूण चार आकड्यांची. ३२२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला. जुना टायर विकत घेताना दुकानदार नक्षी दाखवतो. आपण हे चार आकडे पाहावेत. नक्षी चांगली आणि रबर म्हातारे, असे टायर बाजारात भरपूर आहेत.

नक्षीच्या खोबणीत आडव्या बारीक उंचवट्या असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की १.६ मिलिमीटर उरले असे समजावे. चारचाकीला त्याखाली नियमाने चालत नाही. पण जून ते सप्टेंबरच्या पावसात विहीगाव-कसाऱ्याच्या उतारावर कायद्याच्या किमान मर्यादेपर्यंत थांबणे आम्हाला पटत नाही. पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरच्या खाली आलेला टायर बदलावा, निदान पुढचा. झीज पाहूनही रोग कळतो. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडली. रिमोल्ड टायर वापरायचाच झाला तर तो मागे असावा, पुढे कधीही नाही. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

हवा केव्हा पाहावी? टायर थंड असताना. त्यासाठी आपल्याकडे उत्तम वेळ ठरलेलीच आहे. फज्रची नमाज आटोपून गाडीकडे येतो तेव्हा टायर रात्रभर थंड झालेले असतात. दोन-तीनशे रुपयांचा हवा मोजण्याचा गेज स्वतःचा ठेवावा. पंपावरच्या गेजचा भरवसा नाही. गाडीच्या दारावर किंवा पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगळे आकडे दिलेले असतात, आणि पुढच्या-मागच्या टायरांचेही वेगळे. तेच पाळावेत. साठ पौंडांच्या टायरमध्ये दर १० अंश तापमानाला साधारण अडीच पौंड हवा वाढते. म्हणून वाटेत गेज जास्त दाखवतो. ती वाढलेली हवा सोडून देणारे चालक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी तो टायर सकाळी कमी हवेवर धाडण्याची व्यवस्था केलेली असते. आणखी एक: पाच-सहा रुपयांची व्हॉल्व्हची टोपी. ती नसली की चिखल आत जातो आणि हवा रात्रीतून हळूहळू सुटते.

इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. घाटात ताशी ३०-४० च्या वेगाने वर्षभर निभावून गेलेला टायर काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास ८० ने पळवला की त्याचे खरे वय बाहेर पडते. २०२३ मध्ये याच महामार्गावर परिवहन विभागाने प्रवेशापाशी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरवल्या होत्या, ते उगीच नव्हे.

भरण्याची रीत

जड माल खाली, हलका वर, हे सर्वांना ठाऊक आहे. मागे-पुढे कसा भरावा हे कमी जणांना ठाऊक आहे. गोण्या उतरवायला सोपे जावे म्हणून फाळक्याजवळ थप्पी लावतात. मागच्या चाकाच्याही मागे वजन गेले की टेकूवर ठेवलेल्या फळीसारखी गाडीची पुढची बाजू उचलली जाते. चढावर स्टिअरिंग हलके लागते, पुढची चाके रस्ता धरत नाहीत, ओल्या वळणावर गाडी सरळ जाते. म्हणून थप्पीची सुरुवात केबिनच्या भिंतीला टेकवून करावी, वजनाचा मोठा भाग मागच्या आसाच्या पुढे राहावा आणि डावी-उजवी बाजू सारखी असावी. गोण्यांचा एक थर उभा, दुसरा आडवा रचला तर थप्पी एकमेकांना धरते. दोर ताणून बांधल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणावा, कारण माल बसतो आणि दोर सैल पडतो. मुंबईकडे निघालेल्याने हे काम कसाऱ्याचा उतार लागण्यापूर्वी करावे, नंतर नव्हे.

सळ्या आणि बांबू हे पिकअपचे माल नव्हेत. सळई १२ मीटरची येते. मधोमध वाकवली तरी २० फूट राहते आणि हौदा असतो आठ-नऊ फुटांचा. दुकानातच तोडून घ्यावी किंवा मोठी गाडी सांगावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने हौद्याबाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. गवताची गंजी वजनाला हलकी असते. पण उंचीमुळे वळणावर गाडी कलंडते ती हीच.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय काहींना आहे. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, ती उष्णता रिमला आणि रिमवरून टायरच्या कडेला लागते. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम अजूनही बरोबर आहे.

हिशेब

जादा माल घेणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला माहीत आहे. ‘दोन गोण्यांसाठी नाही म्हटले तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते.’ म्हणून आम्ही हिशेब मांडून पाहिला. समजा चार टायरांना २८,००० रुपये लागले आणि ते ४०,००० किलोमीटर चालले. किलोमीटरला ७० पैसे पडले. जादा भाराने तेच २५,००० किलोमीटरला गेले तर १ रुपया १२ पैसे. २०० किलोमीटरच्या फेरीला ८४ रुपयांचा फरक. दहा गोण्या जादा घेऊन गोणीमागे २५ रुपये मिळाले तर २५० रुपये आले. म्हणजे एकट्या टायरच्या हिशेबाने हा व्यवहार बुडत नाही, हे कबूल केले पाहिजे. आणि म्हणूनच तो चालू आहे. पण जादा भाराचा दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. जादा माल उतरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. ८० फेऱ्यांची जादा कमाई एका काट्यावर जाते. तुटलेले पाटे, गेलेला क्लच आणि गाडी उभी राहिलेले दिवस यात धरलेले नाहीत.

मापात कमी देणाऱ्याची कुरआनमध्ये किती कठोर निंदा आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. गाडीच्या मापापेक्षा जास्त भरणे हाही मापाचाच प्रश्न आहे असे आम्हाला वाटते. दुसऱ्याचा माल आपल्याकडे अमानत असतो आणि समोरून येणाऱ्याचा जीवही.

जीवाची गोष्ट निघाली म्हणून एक अवघड विषय. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडी-वाड्यापर्यंत. भांडी, धान्य, कोंबड्या हौद्यात आणि त्यावर बायका-मुले. गाडी मुकादम ठरवतो, भाडे तोच देतो. वीस माणसे म्हणजे टनभर वजन, तेही सर्वांत वर, न बांधलेले. मागचा एक टायर फुटला तर काय होईल याचा विचार नको वाटतो. विम्याची बाजूही स्पष्ट आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतील मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्यात आला. पण इतर प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या खटल्यात म्हटले. भरपाई गाडीमालकाच्या घरावर येऊ शकते. मुकादमाला सांगावे: सामान आम्ही नेतो, माणसांसाठी एसटी बघा. एसटी प्रासंगिक करारावर गाडी देते. भाडे हातचे जाईल, हे खरे. ते जाऊ द्यावे.

‘अल्लाह मालिक आहे’ असे म्हणून गुळगुळीत टायरवर घाट उतरणाऱ्यांना तिर्मिजीतील ती हदीस आठवावी. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवावा की बांधून, असे विचारणाऱ्याला पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी बांधण्यास सांगितले होते. सफरची दुआ जरूर पढावी. टायरची हवाही पाहावी.

शेवटी स्टेपनी. ती गाडीखाली लटकलेली असते आणि सहा-सहा महिने तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिची हवा महिन्यातून एकदा पाहावी, साखळीला ग्रीस लावावे. जॅक भरलेली गाडी उचलतो का हे घरीच तपासावे. पावसात तो चिखलात रुततो, म्हणून एक जाड फळी सोबत असावी. चाक बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेत. आणि उतारावर चाकामागे लावलेला दगड निघताना उचलून रस्त्याच्या कडेला टाकावा. वाटेतली त्रास देणारी वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा सांगितली आहे, आणि अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दगड दिसत नाही.