पेअर, कपल, डबल की ड्युअल?

मुले इंग्रजी माध्यमात जाऊ लागली की घरातल्या मोठ्यांचीही परीक्षा सुरू होते. 'दोन' या एका आकड्यासाठी इंग्रजीत इतके शब्द कशाला, असे मुले विचारतात आणि आपण गप्प बसतो. खरे तर उत्तर अवघड नाही.

एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही, अशा दोन वस्तू म्हणजे पेअर. चपलांचा जोड, मोज्यांचा जोड. कात्री एकच असते, पण तिची दोन पाती मिळून चालतात, म्हणून तीही पेअर. कपल हा शब्द बंध या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. म्हणून नवरा-बायको म्हणजे कपल. मात्र कोणी 'कपल ऑफ डेज' म्हटले तर ते नेमके दोनच दिवस असतील असे नाही.

डबल म्हणजे दुप्पट, तर ड्युअल म्हणजे एकाच वस्तूत दोन सोयी. भाडे डबल होते, फोन ड्युअल सिमचा असतो. ट्विन म्हणजे जुळे. हॉटेलात डबल बेड म्हणजे दोघांचा एक पलंग, ट्विन बेड म्हणजे दोन वेगळे पलंग. आपल्या बाजारात डुप्लिकेट म्हणजे नकली. पण हरवलेल्या गुणपत्रिकेऐवजी मंडळ देते ती डुप्लिकेट ही अस्सल दुसरी प्रत असते.

इंग्रजीत शब्द इतके, पण व्याकरणात वचने दोनच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'आम्ही दोघे' यासाठी वेगळे सर्वनाम होते, ते लोपले. संस्कृतातले द्विवचन मराठीत उरले नाही. अरबीत मात्र ते आजही आहे आणि त्याची रूपे आपल्या बोलण्यात आहेत. दोन्ही ईद म्हणजे ईदैन, मक्का-मदिनेचे दोन हरम म्हणजे हरमैन, आई आणि वडील म्हणजे वालिदैन.

वालिदैन हा शब्द एकाचा नाही, दोघांचा आहे. तरी अम्मी एका भावाकडे आणि अब्बा दुसऱ्याकडे, अशी वाटणी आपल्या किती घरांत झाली आहे! खोल्या लहान, खर्च मोठा. कारणे खोटी नसतात. पण मुलांना डबल आणि ट्विन शिकवताना आपण हा शब्दही समजावून सांगू. मग दादी इथे आणि दादा तिकडे का, असे त्यांनी विचारले, तर त्याचे उत्तर कुठल्याच शब्दकोशात सापडणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.