छत्तीस चित्रांचा हिशेब

कोडॅक कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबविले. कारखान्यातून निघालेले अखेरचे रीळ घेऊन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी न्यूयॉर्कहून मुंबई, राजस्थान आणि इस्तंबूल येथे फिरले. चित्रे अवघी ३६. टंचाईने दृष्टीलाही काटकसर शिकविली. परंतु या फिल्ममध्ये रंग मुळात नसत. ते धुताना भरले जात. ही सोय अखेरीस जगात अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एकाच प्रयोगशाळेत उरली होती. २०१० अखेर तिनेही नवी रिळे घेणे थांबविले आणि प्रवाशांनी जपून ठेवलेल्या रिळांना रंग मिळण्याचा मार्ग खुंटला. वस्तूचे मोल केवळ वस्तूत नसते, तिच्यामागील कसबातही असते. बाजार वस्तू मोडीत काढतो, तेव्हा त्या कसबाचा हिशेब कोणी ठेवावयाचा?