साहेबांनी दिलेली रजा?

बारसं आटोपून निघताना एखादी आत्या हमखास म्हणते, "नशीबवान आहेस हो, साहेबांनी सहा महिने सुट्टी दिली!"

साहेबांनी दिलेली नसते. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच मुदत ठेवली. तिसऱ्या वेळी मात्र 12च आठवडे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानाला वा कार्यालयाला ही रजा द्यावीच लागते. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असावं. यातले आठ आठवडे प्रसूतीआधीही घेता येतात. अर्ज तेवढा लेखी द्या, तोंडी सांगून भागवू नका.

हे सगळं परदेशी फॅड आहे, असंही ऐकू येतं. मुंबई इलाख्यात कारखान्यांतल्या बायकांसाठी असा कायदा 1929 साली झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. "पूर्वी बायका कुठे नोकऱ्या करायच्या?" असं विचारणाऱ्यांनी गिरणगाव आठवावं.

सगळ्यात महागात पडतो तो समज वेगळाच. "तू कंत्राटावर आहेस, तुला नाही मिळणार." हे ऐकून कितीतरी जणी मुकाट्याने राजीनामा देतात. दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच हा लाभ त्यांनाही लागू असल्याचं सांगितलं. 2023च्या एका निकालात तर कंत्राटाची मुदत संपली तरी लाभ थांबत नाही, असंही म्हटलं. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची रजा आहे. पण त्याबद्दल बोलायचीच चोरी, तर मागणार कोण?

रजा संपली की प्रश्न मिटला, असं घरच्यांना वाटतं. खरी ओढाताण तिथून पुढे. माझ्या ओळखीतली एक जण ऑफिसात स्टेशनरीच्या खोलीत दूध काढायची, झेरॉक्सच्या रिमांवर टेकून, दाराला पाठ लावून. कडी नव्हती ना. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ मिळतो, 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि तिथे दिवसातून चारदा जाता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

"हल्ली नवरे मदत करतात की!" करतात, थोडी. 2024च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला, पुरुषांचा 88. त्यातही घर दोघांचं असताना त्याच्या वाट्याला 'मदत' हा शब्द का, हे मला आजवर कळलेलं नाही. केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत तशी सक्ती करणारा केंद्रीय कायदाच नाही.

आणि शेवटचा समज, की हा कायदा सगळ्या कष्टकरी आयांसाठी आहे. ज्या मावशींच्या भरवशावर नोकरदार आई ऑफिसला परत जाते, त्यांना त्याचा उपयोग नाही; चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या एकाही मालकिणीकडे दहा माणसं कामाला नसतात. त्यांच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पात्र ठरल्या, कागदपत्रं जुळली, तर पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत मिळून 5,000 रुपये. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच 6,000.