तालुक्याच्या गावचा वृत्तछायाचित्रकार

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा मागे पडल्यानंतर, वर्ध्याच्या अलीकडे, चांदूर हे स्थानक लागते; आणि याच अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार हे दुसरे तालुक्याचे गाव असल्यामुळे या गावास चांदूर रेल्वे असे पूर्ण नावानेच ओळखावे लागते. अशा गावी वृत्तपत्राचा पगारी छायाचित्रकार सहसा नसतो. लग्नसमारंभांचे आणि सरकारी अर्जांना लागणारे फोटो काढून उदरनिर्वाह करणारा स्टुडिओवालाच, अमरावतीच्या अथवा नागपूरच्या दैनिकाचा निरोप येताच, हातचे गिऱ्हाईक थांबवून घटनास्थळ गाठतो. आणि त्याच्या त्या धावपळीवरच तालुक्याचे सार्वजनिक जीवन चित्ररूपाने जिल्ह्यापर्यंत पोचते.

या व्यवसायातील आपत्तींचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. बातमीदार घटनेनंतर येऊन चार माणसांना विचारू शकतो, पंचनामा पाहू शकतो, फौजदाराकडून मजकूर मिळवू शकतो. छायाचित्रकारास मात्र घटना घडते त्या क्षणी आणि त्या जागी आपली हजेरी द्यावीच लागते, कारण हुकलेले दृश्य कोणत्याही कचेरीत नक्कल मागून मिळत नाही.

फिल्मच्या काळात तर यंत्रही परीक्षा पाहत असे. दोन भिंगांच्या, वरून डोकावून पाहावयाच्या कॅमेऱ्यात डावे ते उजवे दिसे. त्यामुळे मिरवणूक डावीकडे सरकत असता नवखा मनुष्य कॅमेरा उजवीकडे वळवी, आणि एका रोलवरील अवघ्या बारा चित्रांपैकी दोन-तीन अशीच वाया जात. पुढचे संकट डार्करूममध्ये. डेव्हलपरचे द्रावण २० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे असा शास्त्राचा दंडक. आणि वऱ्हाडातला मे महिना ४५ अंशांच्या घरातला. अशा उन्हाळ्यात फिल्मवरील सरसाचा थर फुगून मऊ होई, कडेने सुटू लागे, आणि जीव धोक्यात घालून टिपलेले दृश्य चित्र पक्के करणाऱ्या हायपोच्या तबकात डोळ्यांदेखत नष्ट होई. म्हणून तबकाखाली बर्फ ठेवून, दार बंद केलेल्या त्या कोंदट खोलीत घामाने निथळत काम करावे लागे. त्यातून वाचलेली प्रत एसटीच्या वाहकाच्या अथवा ओळखीच्या प्रवाशाच्या हाती सोपवली, तरी पाकिटावर नुसते ‘चांदूर’ लिहिल्यास रेल्वेचे दृश्य बाजाराच्या नावे छापले जाण्याचे भय उरेच.

माणसांच्या गाठीभेटी याहून विलक्षण. गारपिटीनंतर शेतात कॅमेरा दिसला, की हा तहसील कचेरीतूनच आला असे समजून शेतकरी आडवी झालेली तूर, फुटलेली बोंडे, गळून पडलेला संत्रा एकेक करून दाखवू लागतो, आणि आपल्या हाती भरपाईचा हुकूम नाही हे त्यास सांगणे फार कठीण जाते. अपघातस्थळी मृताचे आप्त संतापाने अंगावर येतात. आणि त्यांचा संताप न्याय्य असतो, हे ओळखून जो कॅमेरा खाली घेतो, तोच पुढे त्या गावात पुन्हा पाऊल टाकू शकतो. पोहरा-मालखेडच्या जंगलाकडेच्या गावांत बिबट्या आल्याची वर्दी मिळाली, तर बिबट्याइतकेच भय त्याला पाहण्यास लोटलेल्या गर्दीचे असते. मोठ्या पुढाऱ्यांच्या दौऱ्यात तर उलटे चालण्याची विद्या लागते. ३० एप्रिल २०१५ रोजी राहुल गांधी याच जिल्ह्यातील गुंजी गावाहून भर उन्हात पदयात्रेस निघाले. अशा यात्रेत, बंदोबस्ताचे धक्के सोसत, खाचखळगे न पाहता, दृष्टी समोर रोखून पाठमोरे चालणे हेच छायाचित्रकाराचे काम.

थोरांनाही या आपत्ती चुकल्या नाहीत. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जिनांच्या दिल्लीतील अखेरच्या पत्रपरिषदेत खोक्यांवर चढल्या असता कोसळल्या, आणि लागले काय अशी चौकशी खुद्द जिनांनी केली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या. परंतु उद्या दोघे मिळून जाऊ, असे पतीने सुचविल्यावरून परतल्या, आणि गांधीजींच्या अखेरच्या प्रार्थनासभेस मुकल्या. त्याची खंत त्यांना जन्मभर राहिली. उलट, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छायाचित्रकार सेबास्टियन डिसूझा गोळीबाराच्या आवाजाच्या दिशेने मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये धावत गेले, आणि त्यांनी टिपलेले दहशतवादी कसाबचे चित्र पुढे न्यायालयात पुरावा ठरले. वऱ्हाडलाही या परंपरेत वाटा आहे: अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्रांत काम करीत असतानाच मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन चित्रित केले, आणि २०१६ मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले.

राजधानीतील छायाचित्रकाराची नोंद इतिहास घेतो. तालुक्यातल्याचे नाव पुष्कळदा चित्राखालीही छापले जात नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे संपादकांस अवघड नाही. चित्राखाली नाव द्यावे, योग्य मोबदला द्यावा. आणि जुन्या स्टुडिओंत दमटपणाने चिकटत चाललेल्या निगेटिव्ह तालुक्याच्या वाचनालयाने, मालकांच्या संमतीने, वेळीच जतन कराव्यात. पूर, मोर्चे, बाजार आणि निवडणुका यांचा तालुक्यापुरता सचित्र दस्तऐवज दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. आणि ज्याने तो धक्के खाऊन, घाम गाळून जमविला, त्याच्या हयातीतच ही नोंद होणे हे समाजाचे कर्तव्य आहे.