बल्ब सगळ्यात शेवटी

चिपळूणला बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे एका वायरमनचं दुकान आहे. हेडलाइट गेलेल्या गाडीचा मालक तिथे येतो तो बहुतेक वेळा हातात नवा बल्ब घेऊनच. वायरमन काका तो बल्ब टेबलावर ठेवायला सांगतात आणि प्रश्न विचारायला लागतात. दोन्ही दिवे एकदम गेले की एकच? अप्पर गेला की डिप्पर? गेले ते गेलेच, की थोड्या वेळाने आपोआप आले? खड्ड्यात लुकलुकतात का? रेस दिली की उजेड वाढतो का? गाडीचं बॉनेट अजून उघडलेलं नसतं.

या प्रश्नांमागे सरळ हिशेब आहे. एकच दिवा गेला असेल तर दोष त्या दिव्यापाशी: बल्ब, होल्डर, नाहीतर त्याची अर्थ. दोन्ही एकाच क्षणी गेले असतील तर दोन बल्ब एकाच क्षणी मरणं जवळजवळ अशक्य, म्हणजे दोघांना सामाईक असलेल्या जागी बघायचं. रेस दिल्यावर उजेड वाढत असेल तर चार्जिंग तपासायचं. जुन्या गाड्यांत डायनामो असायचा, आणि इंजिन मंद फिरत असताना तो दिव्यांना पुरेल एवढी वीज देऊच शकत नसे. गेलेले दिवे दहा मिनिटांनी आपोआप परत आले असतील तर कुठेतरी काहीतरी तापतंय.

आमच्या गाडीचं उत्तर हे शेवटचं होतं. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. कराडहून परतताना कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरत होतो. पाऊस नव्हता, धुकं होतं. एका वळणावर मी डिप्पर दिला आणि समोरचा रस्ता नाहीसा झाला. डॅशबोर्डचे दिवे चालू, इंडिकेटर चालू, वायपर चालू, पुढे मात्र काहीच नाही.

ताशी चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. घाटातल्या वळणावर अकरा मीटर म्हणजे कठड्यापर्यंतचं सगळं अंतर. अशा वेळी पाय ब्रेकवर आपटायचा नाही, कारण मागच्या ट्रकला तुमचा अंदाज नसतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, वळणाचा जो आकार शेवटी दिसला होता त्यावर स्टिअरिंग धरून ठेवायचं आणि दिव्यांची दांडी दुसऱ्या बाजूला ढकलायची. डिप्परचा मार्ग तुटला असेल तरी अप्परचा पुष्कळदा जिवंत असतो, आणि बऱ्याच गाड्यांत दांडी ओढून दिला जाणारा फ्लॅश मुख्य स्विचला वळसा घालून जातो. तेवढ्या झोतात डोंगराच्या बाजूची मोकळी जागा शोधायची. दरीच्या बाजूची नाही, ती कितीही रुंद वाटली तरी. अप्पर लागला, आम्ही डोंगराकडेला थांबलो. थोड्या वेळाने दांडी खाली केली तर डिप्पर जसा काही झालंच नाही असा लागला. बाबा म्हणाले, “चालतोय की, निघूया.” मी निघाले नाही. आपोआप आलेला दिवा आपोआप जातो, आणि पुढची वेळ कुठल्या वळणावर येईल हे तो सांगत नाही. उजाडल्यावर खाली उतरलो आणि थेट काकांकडे गेलो.

काकांनी आधी दिवे लावले आणि दुकानाच्या बंद शटरवर पडलेला उजेड नुसता पाहिला. उजवीकडचा पिवळा, डावीकडचा त्याहून मंद, जवळजवळ तांबूस. मग त्यांनी एका हाताने वायरी चाचपायला सुरुवात केली, फ्यूजबॉक्सपासून स्टिअरिंगच्या दांडीखालच्या कपलरपर्यंत. तिथे हात थांबला. “इथे हात लावा ताई,” म्हणाले. दिवे लावून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि कपलर चटका बसेल इतका तापला होता. जळक्या प्लॅस्टिकचा वासही होता, पण नाक जवळ नेल्याशिवाय कळत नव्हता.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांच्याकडे मीटर आहे, आणि एक जुना टेस्ट लॅम्पही आहे: इंडिकेटरचा बल्ब, दोन लांब वायरी, टोकांना क्लिपा. मीटर इतकं अचूक असताना बल्ब कशाला, असं मी विचारलं. त्यांनी एक तुकडा वायर घेतली, आतल्या सगळ्या तारा कापल्या, फक्त एक केसासारखी तार ठेवली आणि तिच्यातून बॅटरीचा करंट आणला. मीटर लावलं: साडेबारा व्होल्ट, अगदी ठणठणीत. मग त्याच टोकाला हेडलाइटचा बल्ब जोडला. तो जेमतेम लाल झाला आणि मीटरचा आकडा कोसळला. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे मरायला टेकलेली वायरही त्याला निरोगी दिसते. दोष दिसायचा तर भार चालू असताना मोजावं लागतं. गॅरेजमध्ये ‘वीज येतेय, वायरिंग ठीक आहे’ असं सांगून परत पाठवलेल्या किती गाड्या याच कारणाने पुन्हा अंधारात बंद पडल्या असतील, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ वाटतं.

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून, डिप्पर लावून, मोजणी सुरू केली. बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट. उजव्या बल्बच्या पिनांवर १०.९. म्हणजे जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच हरवत होते. कुठे, ते त्यांनी टप्प्याटप्प्याने शोधलं. मीटरची एक सुई फ्यूजच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला: ०.६. स्विचच्या आत शिरणारी वायर आणि बाहेर पडणारी वायर: १.२. पुढच्या लांब वायरीत आणि तिच्या जोडांत ०.९, अर्थच्या बाजूला ०.२. बेरीज बरोबर जुळली. प्रत्येक आकडा ते खडूने शटरवर लिहीत होते.

तीन व्होल्ट गेले तर एवढं काय, असं वाटू शकतं. पण तंतूच्या दिव्याचा उजेड व्होल्टच्या बरोबरीने कमी होत नाही, फार वेगाने होतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. हेडलाइटचे बल्ब १३.२ व्होल्टवर तपासले जातात, १०.९ वर त्यांचा उजेड निम्म्यावर येतो. आमची गाडी कित्येक वर्षं अर्ध्या उजेडात धावत होती. हे कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण उजेड एका रात्रीत कमी होत नाही आणि डोळा रोजच्या उजेडाशी जुळवून घेतो. दिवा पूर्ण जातो त्या रात्री आपण म्हणतो दिवा गेला. खरं तर तो वर्षानुवर्षं जात असतो.

डाव्या दिव्याची गोष्ट वेगळी होती. डिप्परवर असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा किंचित मिणमिणतो, असं मी सहज बोलून गेले, तसा काकांनी हातातला पाना खाली ठेवला. अर्थ गेली आहे, एवढंच म्हणाले आणि मडगार्डच्या आतला एक स्क्रू खोलायला वाकले. या बल्बमध्ये दोन तंतू असतात, एक डिप्परचा, एक अप्परचा, आणि दोघांना परतीची वाट एकच, ती म्हणजे अर्थ. ती वाट बंद झाली की डिप्परच्या तंतूतून आलेली वीज अडते आणि अप्परच्या तंतूतून उलटी निघते, अप्परच्या वायरीत शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थला पोचते. जाताना डॅशबोर्डच्या निळ्या दिव्यालाही थोडी मिळते. म्हणून डावा दिवा तांबूस, म्हणून निळा मिणमिणता. स्क्रू निघाला तेव्हा त्याखालचा लग हिरव्या भुकटीने भरलेला होता आणि पत्र्याला भोक पडायचं बाकी होतं. चिपळूणच्या जुलै २०२१च्या पुरात ही गाडी पाण्यात होती. इंजिन धुतलं, सीट बदलल्या, पण मडगार्डच्या आतल्या एका स्क्रूखाली शिरलेला वाशिष्ठी नदीचा गाळ कोण बघणार? त्या पुरानंतर वर्ष-दीड वर्षाने असल्या गाड्या एकेक करून यायला लागल्या, असं काका सांगतात. पाणी ओसरलं की गाडी चालू होते. तांबं मात्र आतून काळं पडत राहतं. त्यांनी आमची एक वायर इंचभर सोलून दाखवली. वरचं आवरण नव्यासारखं, आतल्या तारा काजळीसारख्या, त्यावर डाग धरेना.

बल्ब त्यांनी सगळ्यात शेवटी काढला, आणि तिथे मूळ कारण सापडलं. १००/९० वॉटचे बल्ब. बाबांच्या आधीच्या मालकाने घातलेले. अशा गाड्यांच्या काळात हॅलोजनच्या आधीचा बल्ब ४५/४० वॉटचा असे. चाळीस वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टवर सात अँपिअरही ओढत नाहीत. नव्वदचे दोन पंधरा ओढायला बघतात. त्या काळी रिले नसे, हा सगळा करंट स्टिअरिंगवरच्या दांडीतल्या, नखाएवढ्याही नसलेल्या दोन पितळी पत्र्यांमधून जायचा. तिथे १.२ व्होल्ट हरवत होते आणि दहा-बारा अँपिअर वाहत होते, म्हणजे स्विचच्या पोटात बारा वॉटहून जास्त उष्णता सतत तयार होत होती. वायरीला डाग द्यायचं लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं असतं. त्याच्या निम्म्या ताकदीचं आयर्न दर रात्री स्टिअरिंगच्या खाली चालू होतं असं समजा. तापून पत्र्याचा ताण जातो, ताण गेला की संपर्क ढिला पडतो, ढिला पडला की आणखी तापतो. एका क्षणी तो सुटतो. निवला की पुन्हा टेकतो. घाटात आम्ही वाट पाहत थांबलो होतो तेव्हा नेमकं हेच निवत होतं.

उजेड कमी पडतोय म्हणून मोठा बल्ब घालणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि तो घातक आहे. कमी उजेडाचं कारण बहुतेक वेळा वाटेत असतं. मोठा बल्ब त्या वाटेवरच जास्त भार टाकतो.

दुरुस्ती दुपारपर्यंत चालली. अप्परसाठी एक आणि डिप्परसाठी एक असे दोन रिले बॅटरीजवळ बसले. आता दांडीतल्या स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायची, पाव अँपिअरहूनही कमी; दिव्यांचा करंट बॅटरीतून चार चौरस मिलिमीटरच्या वायरीने रिलेच्या ३० नंबरला येतो आणि ८७मधून पुढे जातो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण फ्यूजच्या आधीची वायर पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा राहील. प्रत्येक दिव्याची अर्थ स्वतंत्र वायरीने थेट बॅटरीपर्यंत. वितळू लागलेले प्लॅस्टिकचे होल्डर गेले, चिनी मातीचे आले. मग ६०/५५ वॉटचे नवे हॅलोजन, हातात धरले ते फक्त धातूच्या कड्याला. काचेला बोट लागलं की घामातलं तेल आणि मीठ त्यावर राहतं, दिवा तापल्यावर तेवढीच जागा बिघडते आणि बल्ब वेळेआधी जातो. मी सोबत आणलेला एलईडीचा जोड त्यांनी परत पाठवला. ही काच आणि आतला आरसा एका बारीक तंतूच्या ठरावीक जागेसाठी घडवलेले आहेत, तिथे वेगळ्या आकाराचा उजेड ठेवला तर तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. घाटात समोरचा आंधळा झाला तर आपला उजेड आपल्या काय कामाचा? मला हे पूर्ण पटतं.

पुन्हा मोजणी: बॅटरीवर १३.८, बल्बच्या पिनांवर १३.३. शटरवरचा उजेड पांढरा होता, आणि पंचावन्न वॉटचा तो दिवा काल रात्रीच्या नव्वद वॉटच्या दिव्यापेक्षा उघड जास्त होता.

संध्याकाळी दिवे सरळ करायचं काम झालं. टायरची हवा बघितली, मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं कारण गाडी माणसाच्या वजनाने झुकते, आणि भिंतीवर दिव्याच्या उंचीची रेघ ओढली. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या थोडी खाली, दहा मीटरला साधारण दहा सेंटिमीटर, आणि डावीकडे किंचित वर चढणारी, म्हणजे आपल्या बाजूची कड उजळते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही. काका स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत होते आणि प्रत्येक वेळी मागे जाऊन बघत होते.

निघण्याआधी त्यांनी एका जाड कार्डावर नवी जोडणी काढली, कुठल्या रंगाची वायर कुठल्या नंबरला, फ्यूज किती अँपिअरचा, बल्ब किती वॉटचा, आणि ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटच्या आत चिकटवलं. या गाडीत आधी कुणी काय जोडलं होतं ते ओळखण्यात त्यांची अर्धी सकाळ गेली होती. पुढे ही गाडी ज्या वायरमनच्या हातात जाईल त्याची तरी जाऊ नये, असं म्हणाले, आणि टेबलावर दुसऱ्या कुणीतरी ठेवून गेलेला बल्ब बाजूला सारून पुढच्या गाडीकडे वळले.