आधी कोणाला विचारलं? नॉक्सव्हिल आणि चॅटानूगा : चार दशकांचा मागोवा

फ्रेंच ब्रॉड आणि होल्स्टन या नद्यांचा संगम होऊन टेनेसी नदी तयार होते ती नॉक्सव्हिलच्या वेशीवर. तीच नदी पुढे डोंगरांतून वाट काढत चॅटानूगात शिरते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी राज्यातली ही दोन शहरं एकाच महामार्गावर, दोन तासांच्या अंतरावर आहेत. २०२०च्या जनगणनेत नॉक्सव्हिलची लोकसंख्या १ लाख ९० हजारांच्या थोडी वर आणि चॅटानूगाची १ लाख ८१ हजारांच्या आसपास भरली. हवामान तेच, करांचे दर जवळपास तेच, दोन्हीकडे सार्वजनिक मालकीची वीज. त्यामुळे राहायला कुठलं बरं आणि फिरायला कुठलं, ही तुलना तिथे सतत चालू असते आणि ती बहुतेक वेळा हॉटेलं, डोंगर आणि घरभाडं यांच्या यादीवर संपते. यादी आजचा दिवस दाखवते. शहर इथवर कसं आलं ते दाखवत नाही. गेली चाळीस-पन्नास वर्षं तपासली, तर मला फरक एका गोष्टीत दिसतो. मोडकळीला आलेलं शहर सावरताना पहिला प्रश्न कोणाला विचारला, तिथे राहणाऱ्यांना की येणाऱ्या पाहुण्यांना?

नॉक्सव्हिलने पाहुण्यांना विचारलं. १९८२ साली मे ते ऑक्टोबर असे सहा महिने तिथे जागतिक प्रदर्शन भरलं. विषय होता ऊर्जा. गावाच्या मध्यातलं रेल्वेचं जुनं यार्ड साफ करून मैदान तयार केलं आणि त्यावर २६६ फुटी सनस्फिअर उभा केला : पोलादी मनोऱ्यावर सोनेरी काचांचा गोळा, काचांमध्ये खरं सोनं. १९८० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ज्याला गबाळं छोटं शहर म्हणून हिणवलं होतं, तिथे १ कोटी १० लाख लोक येऊन गेले. पाहुणे आले, यात वाद नाही. पण प्रदर्शन संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, त्याचा मुख्य सूत्रधार जेक बुचर याच्या बँकांवर सरकारी तपासनीस पोचले. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याची मुख्य बँक बुडाली आणि पुढे तो गैरव्यवहारासाठी तुरुंगात गेला. प्रदर्शनाच्या हिशेबात नफा दाखवला गेला ५७ डॉलर; शहराच्या डोक्यावर साडेचार कोटी डॉलरहून अधिक कर्ज राहिलं आणि ते फिटायला २००७ उजाडलं. सनस्फिअर मधली बरीच वर्षं बंद होता. १९९६ मध्ये ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेत काही पोरं जुनं माहितीपत्रक वाचून हे प्रदर्शन पाहायला नॉक्सव्हिलला येतात आणि त्यांना त्या गोळ्यात विगांचं दुकान दिसतं. विनोद झोंबणारा होता, कारण तो फारसा खोटा नव्हता. प्रदर्शनाची बाजू घेणारे सांगतात की त्यानिमित्ताने केंद्राचा पैसा आला आणि महामार्गांचा कुप्रसिद्ध गुंता सुटला. ते खरं आहे. पण सुटला तो शहराच्या बाजूने भरधाव निघून जाणाऱ्यांचा गुंता. गावातली जुनी बाजारपेठ त्यानंतरही वीसेक वर्षं रोडावलेलीच राहिली.

चॅटानूगाची सुरुवात याहून वाईट होती. १९६९ मध्ये केंद्र सरकारने त्या शहराची हवा देशात सर्वांत घाण असल्याचं जाहीर केलं आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइटने ते टीव्हीवरच्या बातम्यांत देशभर सांगितलं. ओतकामाच्या भट्ट्यांचा धूर चहूबाजूंच्या डोंगरांमुळे खोऱ्यातच कोंडून राहायचा. भरदिवसा गाड्यांचे दिवे लावावे लागत. हवेसाठी कडक स्थानिक नियम त्याच वर्षी आले आणि १९८९ पर्यंत शहर केंद्राच्या निकषांत बसलं. हवा सुधारली, पण कारखाने बंद पडत गेले आणि ऐंशीच्या दशकात लोकसंख्या दहा टक्क्यांनी घटली. या पडत्या काळात, १९८४ मध्ये, ‘व्हिजन २०००’ नावाची बैठकांची मालिका झाली. सुमारे १७०० रहिवाशांनी त्यात सांगितलं की त्यांना काय हवंय : नदीकाठ मोकळा हवा, घरं हवीत, जुन्या इमारती वाचायला हव्यात. १८९१चा वॉलनट स्ट्रीट पूल १९७८ पासून वाहनांना बंद होता आणि पाडला जाणार होता. लोकांनी तो अडवून धरला आणि १९९३ मध्ये लाकडी फळ्या टाकून तो फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला गेला. पाऊण किलोमीटरच्या आतबाहेरचा हा पूल आज पर्यटकांच्या प्रत्येक फोटोत असतो. मागितला मात्र होता तो संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी. १९९२चं मत्स्यालय उघडच पाहुण्यांसाठी होतं, हा आक्षेप योग्य आहे. तरी त्याचा विषय पाहण्यासारखा आहे. समुद्रापासून शेकडो मैल लांबच्या या शहराने शार्क आणण्याआधी आपल्याच नदीचं पाणी डोंगरापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत कसं जातं ते काचेमागे मांडलं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. चॅटानूगात कोका-कोला बाटलीत भरण्याचा पहिला कारखाना १८९९ मध्ये निघाला आणि त्या धंद्यातल्या घराण्याच्या संपत्तीतून लिंडहर्स्ट फाउंडेशन उभं राहिलं; शहराच्या या कामांना त्याने पैसा पुरवला. मत्स्यालयाचे साडेचार कोटी डॉलरही बहुतांशी खाजगी देणग्यांतले. मग श्रेय लोकांना विचारण्याचं की धनिकांच्या मेहरबानीचं? धनिकांशिवाय हे इतक्या लवकर झालं नसतं, हे मान्य. पण नॉक्सव्हिललाही पैशाची वाण नव्हती. राज्याचं विद्यापीठ तिथे, टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या केंद्रीय वीज संस्थेचं मुख्यालय तिथे, ओक रिजची राष्ट्रीय प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर. या पगारांच्या उशीमुळेच नॉक्सव्हिलला कधी धडकी भरली नाही, असं माझं मत आहे. शिवाय चॅटानूगाचं पुढचं मोठं काम देणगीतून झालेलं नाही. २०१० मध्ये तिथल्या सार्वजनिक वीज मंडळाने, म्हणजे ईपीबीने, आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराला आणि दुकानाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. केबल कंपन्या कोर्टात जाऊन हरल्या होत्या. खर्चाचा मोठा भाग कर्जरोख्यांतून आणि ११ कोटी डॉलरचं केंद्रीय अनुदान मंदीकाळच्या योजनेतून आलं. अनुदान हे नशीब म्हणा हवं तर. पण फायबर टाकण्याचं ठरलं होतं ते अनुदानाच्या आधी, आणि तारा पर्यटकांच्या हॉटेलांपुरत्या न राहता गरीब वस्त्यांतल्या खांबांवरूनही गेल्या. म्हणून २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हजारो गरीब विद्यार्थ्यांना मोफत जोडणी देता आली.

मात्र ‘लोकांना विचारलं’ हे वाक्य जपून वापरायला हवं. १७०० माणसं बैठकांना बसली होती तेव्हा चॅटानूगाचा कारभार संपूर्ण शहरातून निवडलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे होता आणि या पद्धतीत कृष्णवर्णीय मतांना फारसं वजन उरत नसे. १९८९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ती मतदान हक्क कायद्याचा भंग करणारी ठरवली. १९९० मध्ये प्रभागांतून नगर परिषद निवडली गेली. म्हणजे शहराच्या एका मोठ्या भागाला विचारायला न्यायाधीश लागला. त्याच वॉलनट स्ट्रीट पुलावर १९०६ मध्ये एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने फाशी दिली होती आणि त्याचं स्मारक पुलाच्या टोकाशी उभं राहायला २०२१ उजाडलं. नॉक्सव्हिलचं पान याहून उजळ नाही : पन्नाशीच्या दशकाअखेरपासून नूतनीकरणाच्या नावाखाली कृष्णवर्णीयांची घरं, दुकानं, चर्च पाडली गेली आणि शहराची रीतसर माफी आली २०२० मध्ये.

नॉक्सव्हिल सावरलं, पण कधी? पाहुण्यांची वाट पाहणं सोडलं तेव्हा. २००० नंतर मार्केट स्क्वेअरच्या जुन्या इमारतींत लोक राहायला आले, चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरू लागला, १९२८चं टेनेसी थिएटर दुरुस्त होऊन २००५ मध्ये उघडलं. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकं उदाहरण २०१३चं आहे. गावाच्या दक्षिणेकडून स्मोकी पर्वतांच्या दिशेने एक वेगवान रस्ता वाढवायचा बेत होता. रहिवाशांनी आणि महापौर मॅडलिन रोजेरो यांनी विरोध केला आणि राज्याने तो सोडून दिला. अर्धवट रस्त्याच्या टोकाशी, जुन्या संगमरवरी खाणींच्या आसपास, हजारएक एकरांचं रान आणि सायकलवाटांचं जाळं तयार झालं. आता दुसऱ्या राज्यांतले सायकलवाले खास त्यासाठी गाडीवर सायकली बांधून नॉक्सव्हिलला येतात. ‘गबाळं’ हे विशेषणही गावाने हौसेने मिरवायला घेतलंय.

आणि चॅटानूगा? त्याच्यापुढे आता उलटा पेच आहे. शहर इतकं देखणं झालं की घरं पाहुण्यांच्या हाती जाऊ लागली. मालक जिथे राहत नाही अशा घरांना अल्पमुदतीच्या भाड्याचे नवे परवाने देणं नगर परिषदेला मध्यंतरी थांबवावं लागलं. फोक्सवागेनचा कारखाना चाकणनंतर दोन वर्षांनी, २०११ मध्ये, चॅटानूगात सुरू झाला. तिथल्या कामगारांनी २०१४ आणि २०१९ मध्ये युनियन नाकारली आणि २०२४ मध्ये ७३ टक्क्यांनी स्वीकारली. या गावात राहणं महाग झालंय, हेही त्या मतपेटीत होतं असं मानायला जागा आहे.

तेव्हा दोन दिवस फिरायला जाणाऱ्याने चॅटानूगालाच जावं. गाडी हॉटेलात ठेवून पूल, मत्स्यालय आणि लुकआउट डोंगरावरची १८९५ची रेल्वे एवढं आरामात होतं. संसार थाटायचा तर आज माझा कौल किंचित नॉक्सव्हिलकडे झुकतो, विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याच्या शनिवारी लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममुळे गाव तुंबतं हे धरूनही. घरून काम करणाऱ्यांसाठी आतापर्यंत चॅटानूगाचं पारडं इंटरनेटमुळे जड होतं. पण नॉक्सव्हिलच्या वीज मंडळाने २०२१ मध्ये तोच मार्ग पत्करला, विजेचे दर थोडे वाढवून, आणि तारा ओढायचं काम तिथे अजून चालू आहे.